तीरकमठा : आखूड लाकडी धनुष्याचा एक छोटासा अभ्यास

दसरा जवळ आला की आपल्या मुलांच्या कार्यक्रमासाठी धनुष्यांची मागणी सुरू होते. कधी सीतास्वयंवर असते, कधी रावणवध, कधी एकलव्य. कोणीतरी प्लॅस्टिकची धनुष्ये विकत आणते, कोणी पुठ्ठ्याची करते. काही वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आले की या वेळी आपण खरीखुरी लाकडी धनुष्ये करू. सुतारकामाची थोडी आवड होती, हातात रिकामा वेळ होता, आणि लहानपणी मी तीरकमठा जवळून पाहिलेला होता. एवढ्या भांडवलावर मी कामाला लागलो. त्यातून एक अपघात घडला आणि त्या अपघातातून हा अभ्यास घडला. मुलांच्या आणि पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून तो इथे मांडतो आहे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांची काही वर्षे सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या बाजूला गेली. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. शाळेजवळच्या पाड्यावर भिल्लांची घरे होती आणि जवळजवळ प्रत्येक घरात कुडाच्या भिंतीला एक धनुष्य टांगलेले असे. एका वयस्कर बाबांनी मला त्यांचे धनुष्य हातात धरू दिले होते. धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीही बांबूचीच, पातळ चिरलेल्या कामटीची. मी मोठ्या उत्साहाने दोरी ओढली आणि बाण न लावताच सोडणार, एवढ्यात बाबांनी माझा हात घट्ट धरला. "रिकामी दोरी सोडायची नाही," एवढेच ते म्हणाले. मला वाटले, त्यांच्यातला काहीतरी रिवाज असेल. पुढे मी ते विसरूनही गेलो.

अपघात

आपल्याकडे सिंगापूरमध्ये जुन्या एच.डी.बी. इमारतींत कपडे वाळत घालायला बांबूच्या काठ्या असतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशाच एका जुन्या काठीपासून मी पहिले धनुष्य केले. काठी उभी चिरली, गाठी घासल्या, दोन्ही टोकांना खाचा केल्या, नायलॉनची दोरी चढवली. दिसायला फार देखणे झाले! तालमीत रामाचे काम करणारा दहा वर्षांचा मुलगा खूश होता. त्याने ते पंचवीसतीस वेळा ओढले आणि सोडले. नाटकात बाण सोडायचा नव्हता, नुसता अभिनय करायचा होता, म्हणून प्रत्येक वेळी दोरी रिकामीच सुटत होती. मीच त्याला "अजून थोडे ओढ, रामासारखे दिसले पाहिजे" असे सांगत होतो.

आणि धनुष्य कडाडले. मधोमध मोडले. एक कपचा उडून मुलाच्या भुवईला लागला. डोळा अर्ध्या इंचाने वाचला. जखम लहान होती, दोन दिवसांत भरली. पण त्याच्या आईने त्या संध्याकाळी मला शांतपणे विचारले, "काका, हे का मोडलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. जी वस्तू का मोडते हे मला ठाऊक नाही, ती मी एका लहान मुलाच्या हातात दिली होती. ती रात्र मला झोप आली नाही. आणि सातपुड्यातल्या बाबांचा तो घट्ट हात मला त्या रात्री आठवला.

धनुष्य का वाकते, का मोडते

धनुष्य ओढले की त्याची दोन अंगे दोन वेगळी कामे करतात. बाण मारणाऱ्यापासून दूर असलेली बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. पाठ ताण सहन करू शकली नाही तर धनुष्य तुटते. पोट दाब सहन करू शकले नाही तर धनुष्याला कायमचा बाक येतो. धनुष्य करणाऱ्याची सारी कला या दोहोंच्या मधोमध आहे.

बांबूमध्ये चिवट तंतू बाहेरच्या सालीजवळ सर्वांत दाट असतात, आतल्या बाजूला विरळ होत जातात. म्हणून बांबूची साल पाठीवर ठेवावी, तिला हात लावू नये, आणि जे तासायचे ते आतून तासावे. मी गाठी गुळगुळीत दिसाव्यात म्हणून बाहेरूनच घासल्या होत्या! शिवाय ती काठी वर्षानुवर्षे ऊन आणि पाऊस खाऊन ठिसूळ झालेली, सालीवर बारीक चिरा पडलेल्या. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक लांबीची. धनुष्य जितके आखूड, तितके तेवढ्याच ओढीला ते जास्त वाकावे लागते. सर्वसाधारण नियम असा आहे की एकसंध लाकडाचे धनुष्य ओढीच्या किमान दुप्पट असावे आणि वर थोडी सूट ठेवावी. माझे धनुष्य ४४ इंचांचे होते आणि मी मुलाला ते २४ इंचांपर्यंत ओढायला लावत होतो.

तिसरी चूक सर्वांत मोठी. ओढलेल्या धनुष्यात शक्ती साठते. बाण लावलेला असेल तर त्या शक्तीचा मोठा हिस्सा बाण घेऊन जातो. बाण नसेल तर ती सारी शक्ती धनुष्यातच राहते, दोन्ही भुजा झटक्याने थांबतात आणि तो हिसका लाकडाला सोसावा लागतो. एकदा सोसेल, दहादा सोसेल, पण कधीतरी मोडेलच. "रिकामी दोरी सोडायची नाही" हा रिवाज नव्हता, ते शास्त्र होते. शाळेत न गेलेल्या त्या बाबांना ते माहीत होते आणि इंजिनियर झालेल्या मला नव्हते.

आपल्या ग्रंथांत काय आहे

मग मी वाचू लागलो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्य कशाचे करावे ते दिले आहे : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेणू म्हणजे बांबू, आणि स्नायू अशी यादी आहे. बांबूची दोरी वाचून मी थबकलोच. पाड्यावरच्या भिंतीला टांगलेले ते धनुष्य या यादीतून उतरल्यासारखे होते. खरे तर उलटे असावे. यादी करणाऱ्याने ते अशाच कोणाच्या तरी हातात पाहिले असावे.

अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात चार हातांचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ म्हटले आहे. एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर सहा फूट, सव्वापाच फूट आणि साडेचार फूट. लांब धनुष्य उत्तम का, हे आता आपल्याला कळते. ते कमी वाकते, म्हणून जास्त ओढता येते आणि जास्त टिकते. आखूड धनुष्य दाट जंगलात, झुडपांत सोयीचे, पण त्याची ओढ मर्यादित ठेवावी लागते. शिंग, लाकूड आणि स्नायू एकत्र चिकटवलेली धनुष्ये आखूड असूनही जोरदार असतात, कारण पोटाला शिंग दाब सोसते आणि पाठीला स्नायू ताण सोसतो. विष्णूच्या धनुष्याला शार्ङ्ग म्हणतात, ते नावच शृंगावरून आले आहे. नुसत्या लाकडाला ही चैन नसते.

आणखी एक गोष्ट. अज्ञातवासाला जाताना पांडवांनी शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली, ही दसऱ्याची कथा आपण मुलांना दरवर्षी सांगतो. विराटपर्वात त्याआधीचा एक तपशील आहे, तो आपण सांगत नाही. शस्त्रे ठेवण्यापूर्वी त्यांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. चढवलेली दोरी म्हणजे अर्धवट वाकलेले लाकूड. ते तसेच ठेवले तर त्याला बाक येतो आणि जोर जातो. ज्याने कोणी हे लिहिले, त्याला धनुष्य वापरायची सवय होती.

वेताचे धनुष्य आणि त्याची मोजमापे

दुसऱ्या खेपेला मी जाड वेत घेतला, खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याकडून, साधारण सव्वा इंच जाडीचा. वेत आपल्या या भागातलाच. तो ताडाच्या कुळातला असल्यामुळे त्यात लाकडासारखी वर्षावलये नसतात, तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग जातात. त्यामुळे तो कपचे उडवून मोडत नाही. फार झाले तर वाकून बसतो. मुलांच्या धनुष्याला याहून चांगला गुण कोणता?

लांबी ५० इंच ठेवली. पाठीची साल तशीच ठेवली आणि पोटाच्या बाजूने मुठीपासून टोकांकडे निमुळते तासत नेले. तासताना एक हिशोब लक्षात ठेवावा. जाडी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्के नव्हे, सुमारे सत्तावीस टक्के कमी होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहा टक्के कमी केली तर मात्र दहा टक्केच. म्हणून जाडी तासताना दोन हात मारून थांबावे, धनुष्य भिंतीशी धरून वाकवून पाहावे, दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते बघावे. जिथे ताठ आहे तिथेच तासावे. जिथे जास्त वाकते तिथे अजिबात हात लावू नये.

मग मोजले. विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा प्रत्येक घरी असतोच, तो दोरीला अडकवला. दोरी आणि मूठ यांतले अंतर ५ इंच होते. ८ इंचांना काटा १.२ किलो दाखवत होता, १२ इंचांना २.७, १६ इंचांना ४.३ आणि २० इंचांना ६.२ किलो. या आकड्यांचा आलेख काढला की त्याच्या खालचे क्षेत्रफळ म्हणजे साठलेली शक्ती. ती सुमारे ११ ज्यूल भरली. नववीदहावीतल्या मुलांना हा प्रयोग करायला सांगा, पुस्तकातले क्षेत्रफळ त्यांना हाताला जाणवेल.

बाणाचा वेग मोजायला फोनचा कॅमेरा पुरला. सेकंदाला २४० चित्रे घेणारी सोय लावली, मागे दोन मीटर अंतरावर दोन खुणा केल्या. २२ ग्रॅमचा बाण ते अंतर २२ चित्रांत कापत होता. म्हणजे वेग सेकंदाला जवळजवळ २२ मीटर, ताशी ७८ किलोमीटर. बाणाने घेतलेली शक्ती सुमारे ५ ज्यूल. साठलेल्या ११ पैकी निम्मीही नाही! बाकीची भुजा हलवण्यात, दोरीच्या थरथरीत आणि वेताच्या अंगात जिरली. म्हणूनच टोके हलकी ठेवायची असतात. सर्वांत जास्त पळतात ती टोकेच.

शेवटी आपल्या हवेची परीक्षा. सिंगापूरची हवा बारा महिने दमट. ओलसर लाकूड मऊ पडते, त्याला बाक लवकर येतो. अगदी कोरडे लाकूड ठिसूळ होते. मी धनुष्य मुद्दाम तीन तास दोरी चढवून ठेवले. त्यानंतर २० इंचांना काटा ६.२ ऐवजी ५.६ दाखवू लागला आणि बाणाला दोन मीटरला २४ चित्रे लागली. ताशी ७८ चे ७२ झाले. दोरी उतरवून रात्रभर ठेवल्यावर थोडा जोर परत आला, सगळा नाही. शमीच्या झाडाचा धडा मला असा काट्यावर मिळाला.

नेम

हे धनुष्य मी तिरंदाजीच्या मैदानावर, तिथल्या प्रशिक्षकांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली चालवले. घराखालच्या मोकळ्या जागेत किंवा बागेत कोणी बाण सोडू नये, रबरी टोकाचासुद्धा नाही. ताशी ७८ किलोमीटर हा खेळ नव्हे.

आठ मीटरवर लक्ष्य ठेवले. बाणाला तिथे पोचायला एक तृतीयांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो दोन फुटांहून अधिक खाली येतो. म्हणजे नेम बराच वर धरावा लागतो. मुलांना वाटते बाण सरळ जातो. तो फेकलेल्या चेंडूसारखाच वळत खाली येतो. दरवेळी तेवढेच ओढले नाही तर तेवढाच खाली येत नाही. म्हणून ओढणारा हात प्रत्येक वेळी गालावर एकाच जागी टेकवायचा. लाकडी आखूड धनुष्याचा नेम डोळ्यापेक्षा या सवयीवर अवलंबून असतो.

या साध्या सवयीतूनच मोठी माणसे घडली आहेत. राजस्थानातल्या आदिवासी वस्तीतला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर शिकला आणि १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक खेळला. साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनला आपापल्या गटात जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्यांची कंपाउंड धनुष्ये कप्प्यांची, आधुनिक, ५० मीटरवर ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात बाण बसवणारी. माझ्या वेताच्या काठीशी त्यांची तुलना होणार नाही, पण हात एकाच जागी आणण्याची शिस्त तीच.

अंगठा

दुसऱ्या वर्षी मुलांनी एकलव्य बसवला. एकलव्य झालेल्या मुलीने मला विचारले, "काका, आपण तर तीन बोटांनी ओढतो. अंगठा लागतच नाही. मग द्रोणांनी अंगठा का मागितला?" प्रश्न चोख होता. आज ऑलिंपिकमध्ये दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांनी ओढतात. पण जुन्या काळी आशियात मंगोलियापासून तुर्कस्तानापर्यंत दोरी अंगठ्याने ओढण्याची पद्धत होती, त्यासाठी अंगठ्यात अंगुस्तान घालत. त्या पद्धतीत अंगठा गेला की सगळे गेले.

सगळे गेले का? मी आदिपर्व काढून वाचले. तिथे कथा अंगठ्यापाशी संपत नाही. एकलव्य पुढे बोटांनी दोरी ओढू लागला, फक्त पूर्वीइतका चपळ राहिला नाही, असे व्यास सांगतात. म्हणजे त्याने धनुष्य टाकले नव्हते. भिल्ल लोक आजही अंगठा न लावता बाण मारतात आणि ते एकलव्याच्या आठवणीसाठी, असे सांगितले जाते. आपण मात्र नाटकात दरवर्षी त्याला अंगठा कापून पडद्याआड पाठवत आलो.

त्या वर्षी मुलांनी शेवटचा प्रवेश बदलला. अंगठा दिल्यानंतर एकलव्य थोडा वेळ बसून राहतो, मग उठतो, धनुष्य उचलतो आणि दोन बोटांनी दोरी ओढतो. पडदा पडतो. प्रेक्षकांत आमच्या मजल्यावरचे तमिळ मामा होते. ते नंतर म्हणाले, "आमच्यात धनुष्याला विल् म्हणतात." धनुष्याच्या तालावर कथा सांगायची विल्लुपाट्टु नावाची कला त्यांच्याकडे आहे. भिल्ल हे नावही याच द्राविडी शब्दावरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. सिंगापूरच्या एका लिफ्टमध्ये उभे राहून मला पाड्यावरच्या बाबांच्या नावाचा अर्थ कळला.

करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

रंगमंचावरचे धनुष्य आणि मारायचे धनुष्य वेगळे ठेवा. रंगमंचावरच्या धनुष्याला लवचिक इलॅस्टिकची दोरी लावा; दोरी ताणली जाते, लाकूड वाकतच नाही, मोडण्याचा प्रश्नच नाही. मारायच्या धनुष्याची रिकामी दोरी कधीही सोडू नका. हळू परत न्या. ओढ धनुष्याच्या लांबीच्या निम्म्याच्या आत ठेवा, पाठीवर बारीक चीर दिसली तर ते धनुष्य मुलांच्या हाती देऊ नका. आणि काम झाले की दोरी उतरवा.

भुवईला लागलेल्या त्या मुलाने यंदा स्वतःचे वेताचे धनुष्य केले. मैदानावर त्याच्या धाकट्या भावाने ते उचलले, ओढले, आणि सोडणार तेवढ्यात मोठ्याने त्याचा हात घट्ट धरला. "रिकामी सोडायची नाही," तो म्हणाला. मी मागेच उभा होतो. मला काही बोलावे लागले नाही.